गाणे आपले, पण मालकी कोणाची? : स्वीडनमधील स्वतंत्र संगीताची कहाणी

स्वीडन हा देश आपल्यापासून फार दूर आहे. युरोपच्या नकाशात अगदी वर, उत्तरेला बघा. नॉर्वे आणि फिनलंड यांच्या मधोमध तो सापडेल. त्याच्या राजधानीत, स्टॉकहोममध्ये, डिसेंबरात दुपारी तीनच्या सुमारास दिवेलागण होते आणि जूनमध्ये रात्री दहा वाजतासुद्धा अंगणात बसून पोथी वाचता येते. नोबेल पारितोषिकामुळे शिक्षकमंडळींना या देशाचे नाव ठाऊक असते. शेतकरी बंधूंना सांगायचे तर, दुधातली साय सतत फिरत्या यंत्राने वेगळी काढण्याची युक्ती ज्याने १८७८ साली सिद्ध केली, तो गुस्ताफ दे लावाल याच देशातला. पण आज गोष्ट सांगायची आहे ती दुधाची नव्हे, गाण्याची.

दुधाचे उदाहरण मात्र उपयोगी आहे. दूध आपल्या गोठ्यातले असते, पण ते मोजणारे माप, नेणारी गाडी आणि भाव ठरवणारा माणूस हे सगळे दुसऱ्याचे असेल, तर गाय आपली असून फायदा काय? गाण्याचेही असेच आहे. गळा आपला असतो, बोली आपली असते. पण ते गाणे तबकडीवर घेणारे यंत्र कोणाचे? तबकडी गावोगाव पोचवणारी गाडी कोणाची? ते ऐकायला जमायची जागा कोणाची? आणि चांगले काय, वाईट काय, हे छापणारे पत्र कोणाचे? स्वीडनमधल्या तरुण मंडळींनी १९७० च्या सुमारास हे प्रश्न विचारले आणि उत्तर म्हणून स्वतःच कामाला हात घातला. त्यांच्या त्या उद्योगाला तिकडे नुसते ‘संगीत चळवळ’ म्हणतात. स्वतंत्र संगीत म्हणजे काय, हे समजून घ्यायला ही कहाणी मोठी बोधप्रद आहे.

आधी थोडी पूर्वपीठिका सांगायला हवी.

जुन्या काळी स्वीडनच्या खेड्यापाड्यांत गावचा वादक असे. त्याला ‘स्पेलमान’ म्हणत. लग्नात, सुगीनंतरच्या नाचात, सणावाराला तो व्हायोलिन वाजवी. त्याला स्वरलिपी येत नसे. बापाचे ऐकून मुलगा शिके, शेजारच्या गावची चाल कानाने उचलून आणी. एकोणिसाव्या शतकात गावोगाव कडक धर्मजागृतीची लाट आली. नाच म्हणजे पाप आणि व्हायोलिन म्हणजे सैतानाचे वाद्य, असे काही उपदेशक सांगू लागले. कित्येकांनी आपली वाद्ये खुंटीवरून काढली ती कायमचीच. त्यातच कारखाने आले, माणसे शहरांकडे आणि अमेरिकेकडे निघाली. जुन्या चाली म्हाताऱ्यांच्या बोटांबरोबर मातीत जाणार, अशी वेळ आली.

तेव्हा आंदेर्श सोर्न हा नामांकित चित्रकार पुढे झाला. त्याने १९०६ साली आपल्या मूरा गावाजवळ येसुंदा येथे गावच्या वादकांची स्पर्धा भरवली. गुराख्यांची शिंगे आणि पावे वाजवणारेही तिथे आले. दोन वर्षांनी, १९०८ साली, लोकसंगीत गोळा करण्यासाठी एक मंडळ स्थापन झाले. त्याच्या कष्टातून १९२२ ते १९४० या काळात ‘स्वीडिश चाली’ या अर्थाच्या नावाचे २४ खंड निघाले. त्यांत सुमारे ८ हजार चाली स्वरलिपीत उतरवल्या आहेत. कोणती चाल कोणत्या गावच्या कोणत्या वादकाकडून मिळाली, हेही त्यांत लिहिलेले आहे. केवढे मोठे काम! पण चाल पुस्तकात गेली म्हणजे ती जिवंत राहिलीच, असे नाही. बियाणे कणगीत नीट ठेवले तरी पेरल्याशिवाय उगवत नाही.

नभोवाणी तिथे १९२५ च्या १ जानेवारीला सुरू झाली. तबकड्यांचा धंदा वाढला. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंड-अमेरिकेची गाणी पुरासारखी आली. ती गाणी चांगली नव्हती, असे कोणीच म्हणणार नाही. तरुणांना ती मनापासून आवडली. पण स्वीडन हा छोटा देश. १९७० साली त्याची लोकसंख्या सुमारे ८० लाख होती आणि त्याची भाषा बाहेर फारसे कोणी बोलत नाही. मोठ्या कंपन्यांना सोयीचे काय? एक तर तयार परदेशी माल विकणे, नाहीतर स्वीडिश मुलांकडूनच इंग्रजीत गाऊन घेणे. माल्मोच्या गल्लीतला किंवा उत्तरेकडच्या जंगलातला मुलगा आपल्या भाषेत आपल्या सुखदुःखाचे गाऊ लागला, तर त्याला घेणार कोण?

या पुरात एक छोटासा सूर वेगळा उमटला होता, तो सांगितला पाहिजे. यान योहान्सन नावाच्या पियानोवादकाने त्या २४ खंडांतल्या जुन्या चाली घेतल्या आणि सोबतीला फक्त एक मोठे तंतुवाद्य, म्हणजे डबल बास, घेऊन त्या अगदी साधेपणाने वाजवल्या. ती मोठी ध्वनिमुद्रिका १९६४ साली निघाली. जाझ संगीताची एवढी खपलेली तबकडी स्वीडनमध्ये दुसरी नाही. १९६८ साली, वयाच्या अवघ्या ३७ व्या वर्षी, हा गुणी माणूस मोटार अपघातात गेला. पण कणगीतले बियाणे पेरले तर उगवते, हे त्याने दाखवून दिले होते.

आता आपण १९७० सालात येऊ.

स्टॉकहोम शहराच्या कडेला ‘यार्डेत’ नावाचे मोठे मोकळे कुरण आहे. त्या वर्षीच्या जून महिन्यात तिथे गाण्यावाजवण्याचा एक मेळा भरला. प्रवेशाला तिकीट नव्हते. पैसे देऊन बोलावलेले नामांकित कलाकार नव्हते. वाजवणाऱ्यांनीच मांडव उभारला आणि वाजवणाऱ्यांनीच व्यवस्था पाहिली. ऑगस्टमध्ये पुन्हा एकदा असाच मेळा झाला. तिथे वाजवणाऱ्या एका चमूचे नाव होते ‘झाडे, गवत आणि दगड’. नाव ऐकून हसू येईल. पण त्यांना म्हणायचे होते ते एवढेच, की आमचे संगीत दुकानातल्या मालासारखे नाही, भोवतालच्या रानासारखे आहे. चळवळीचे ब्रीदवाक्यही साधे होते : ‘तुम्ही स्वतःच वाजवा’. श्रोता आणि कलाकार यांच्यामधली भिंत पाडायची, असा त्याचा अर्थ. आपल्याकडे भजनी मंडळात कोण कलाकार आणि कोण श्रोता, हे जसे सांगता येत नाही, तसेच काहीसे त्यांच्या मनात होते.

मेळा संपला की कुरण पुन्हा मोकळे होते. मग राहते काय? या मंडळींचे वेगळेपण इथेच आहे. ती नुसती मेळ्यावर थांबली नाहीत. जे जे दुसऱ्याच्या हातात होते, ते एकेक करून स्वतः उभे करायचे, असा त्यांनी चंग बांधला.

पहिली गोष्ट म्हणजे ध्वनिमुद्रण. टेपवर आवाज घेणारी चांगली यंत्रे तोवर बरीच सुटसुटीत झाली होती. त्यासाठी मोठा स्टुडिओच पाहिजे असे राहिले नव्हते. आंदेर्श लिंद, एवा विल्के आणि त्यांच्या सोबत्यांनी १९७० साली ‘सायलेन्स’, म्हणजे शांतता, या नावाची छोटी कंपनी काढली. गाण्याच्या कंपनीचे नाव शांतता! त्यांची पहिली तबकडी बू हान्सन या ऑर्गनवादकाची होती. ऑर्गन म्हणजे आपल्या पेटीचा मोठा भाऊ समजा. इंग्रजी लेखक टॉल्किन याच्या प्रसिद्ध कादंबरीवरून सुचलेले हे संगीत, आणि त्यात गाण्याचे शब्द मुळीच नाहीत. राजधानीजवळच्या एल्यो नावाच्या बेटावर उन्हाळ्यात राहायचे एक घर होते. त्यातच यंत्रे नेऊन त्याचे बरेचसे ध्वनिमुद्रण केले. ही तबकडी चालली आणि १९७२ साली इंग्लंडमधल्या एका कंपनीनेही ती काढली. एका माणसाच्या यशावर कंपनीला श्वास घ्यायला सवड मिळाली आणि तिला इतरांच्या तबकड्या काढता आल्या. यार्डेतच्या मेळ्यातले संगीतही १९७१ मध्ये तबकडीवर आले.

दुसरी कंपनी राजधानीच्या जवळच, समुद्रकाठच्या वाक्सहोल्म या छोट्या गावात १९६९ साली निघाली. तिचे नाव पुढे ‘वाक्सहोल्मचे संगीत-जाळे’ असे झाले. लोक तिला एम. एन. डब्ल्यू. या अक्षरांनी ओळखत. दक्षिणेकडच्या माल्मो शहरातला ‘हूला बांदूला’ हा चमू तिच्याकडे आला. मिकाएल वीए आणि ब्यॉर्न आफ्सेलियस हे त्यातले प्रमुख गाणारे आणि रचणारे. १९७१, १९७२, १९७३ आणि १९७५ साली त्यांच्या चार मोठ्या तबकड्या निघाल्या. सगळे स्वीडिश भाषेत! घरभाडे, कारखाना, दूरच्या देशांतली युद्धे, पुढाऱ्यांची गोड बोलणी, असे विषय. विश्वास कोणावर ठेवायचा, हा प्रश्नच त्यांच्या १९७२ च्या तबकडीचे नाव होता. अशी गाणी विकली जाणार नाहीत, असे म्हणणाऱ्यांना लोकांनी ती विकत घेऊनच उत्तर दिले.

मघाशी सांगितलेली जुन्या चालींची कणगीही पुन्हा उघडली. देशातल्या सर्वांत उंच शिखराचे नाव घेतलेला ‘केब्नेकाइसे’ हा चमू १९७३ साली सायलेन्सच्या तबकडीवर आला. त्यांनी विजेवर चालणाऱ्या गिटारींवर आणि ढोलांवर खेड्यातल्या नाचाच्या चाली वाजवल्या. आजोबांच्या लग्नात वाजलेली चाल नातवाच्या खोलीत घुमू लागली.

दुसरी गोष्ट म्हणजे तबकडी लोकांपर्यंत पोचवणे. तबकडी काढणे सोपे, पोचवणे अवघड. कोणताही भाजीवाला तुम्हाला हेच सांगेल. मोठ्या कंपन्यांच्या गाड्या छोट्यांचा माल नेईनात. म्हणून या छोट्या कंपन्यांनी मिळून वाटपाची एक सामाईक व्यवस्था उभी केली. पुस्तकांची छोटी दुकाने, गाण्याचे कार्यक्रम, संस्थांच्या बैठका, जिथे जागा मिळेल तिथे त्या तबकड्या विकल्या जात. एकट्याला गाडी परवडत नाही, दहाजणांना परवडते. हे गणित सहकारी संस्थेच्या सभासदाला समजावून सांगायला नको.

तिसरी गोष्ट, जागा. कार्यक्रमाची जागा दारूच्या गुत्त्यातली किंवा महागड्या सभागृहातली असेल, तर तिथे शाळकरी मुलगी कशी जाणार? म्हणून गावोगाव ‘संगीत-मंच’ निघाले. सभासदांची वर्गणी, सभासदांचेच काम, नफा कोणाच्याच खिशात नाही. १९७४ साली या मंडळांनी मिळून देशव्यापी संघ केला. त्याचे नाव ‘संपर्क-जाळे’. मग असे झाले, की उत्तरेकडचा एखादा चमू दौऱ्यावर निघाला तर एका गावचा मंच दुसऱ्या गावच्या मंचाला कळवी आणि त्यांचा मुक्काम, जेवण, कार्यक्रम ठरून जाई.

चौथी गोष्ट, पत्र. ‘संगीताची सत्ता’ अशा अर्थाच्या नावाचे एक मासिक १९७३ साली सुरू झाले आणि १९८० पर्यंत चालले. नव्या तबकड्या, कुठे काय होणार, कोणी काय वाजवले, कोणाचे चुकले, हे सगळे त्यात येई. वादही होत, आणि चांगले कडाक्याचे होत.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळे या पोरांनी एकट्याने केले काय? नाही. खालची जमीन आधीच नांगरलेली होती. स्वीडनमध्ये ‘अभ्यासमंडळ’ नावाची एक जुनी रीत आहे. दहापाच माणसे एकत्र जमतात, एक पुस्तक किंवा एक विषय घेतात आणि एकमेकांना शिकवतात. ही कल्पना ऑस्कर उल्सन या शिक्षकाने १९०२ साली मांडली. कामगारांची शिक्षणसंस्था १९१२ साली निघाली आणि १९४७ पासून अशा मंडळांना सरकारी अनुदान मिळू लागले. पुढे तरुण वादकांनीही आपले नाव अभ्यासमंडळ म्हणून नोंदवले, की सरावाला खोली आणि थोडीफार मदत मिळू लागली. पालिकांच्या संगीतशाळांतून हजारो मुलांच्या हाती वाद्ये आली. १९७४ साली तर तिथल्या संसदेने सांस्कृतिक धोरण ठरवताना असे उद्दिष्टच लिहून ठेवले, की या क्षेत्रात व्यापारी वृत्तीचे जे दुष्परिणाम होतात त्यांना आळा घालायचा. स्वतंत्र संगीताचे झाड आकाशातून पडले नाही. त्याच्या मुळाशी एका शिक्षकाची सत्तर वर्षांपूर्वीची कल्पना होती, ही गोष्ट शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी ध्यानात घ्यावी.

त्याच १९७४ सालच्या एप्रिलमध्ये एक मोठी घटना घडली. इंग्लंडमधल्या ब्रायटन येथे युरोपभरच्या गाण्यांची स्पर्धा झाली आणि तीत स्वीडनचा ‘आबा’ हा चमू पहिला आला. रीतीप्रमाणे पुढच्या वर्षीची स्पर्धा विजेत्या देशात, म्हणजे स्टॉकहोमला, व्हायची होती. चळवळीतल्या लोकांनी विचारले : लोकांच्या पैशावर चालणाऱ्या नभोवाणीने गाण्याच्या या घोड्यांच्या शर्यतीवर एवढा खर्च का करावा? आणि १९७५ च्या मार्चमध्ये, स्पर्धेच्याच सुमारास, त्यांनी त्याच शहरात आपला पर्यायी मेळा भरवला. लोकगीते गाणारे, रॉक वाजवणारे, परदेशांतून आलेले कलावंत एकत्र आले. पुढच्या वर्षी, १९७६ च्या स्पर्धेत, स्वीडनने भागच घेतला नाही. पुन्हा जिंकलो तर पुन्हा खर्च अंगावर येईल, ही धास्ती त्यामागे होती, आणि हा विरोधही होता.

इथे न्यायाची एक गोष्ट सांगितली पाहिजे. आबाची मंडळी काही परदेशी कंपनीची नोकर नव्हती. त्यांची तबकडी काढणारी कंपनीही स्वीडिशच होती. उत्तम कारागिरी आणि अपार कष्ट यांवर त्यांनी जग जिंकले. चळवळीने त्यांना जो शिव्याशाप दिला, तो सगळाच योग्य होता असे नाही. गोड चालीचे प्रेमगीत म्हणजे फसवणूकच, असे मानणारे काही लोक चळवळीत होते. कोणाचे राजकीय मत किती शुद्ध, याचीच मोजमापे होऊ लागली. आपले दार सर्वांना उघडे, असे म्हणणारी माणसे हळूहळू दारात उभी राहून येणाऱ्यांची झडती घेऊ लागली. चळवळीला कीड लागते ती अशी. बाहेरचा शत्रू तर दिसतो. ही कीड मात्र दिसत नाही.

तरीसुद्धा त्या दशकाच्या उत्तरार्धात दोन सुंदर कामे झाली. पहिले म्हणजे १९७७ चा तंबू. गाणारे, वाजवणारे, नाटकवाले असे सुमारे शंभरजण एक मोठा तंबू घेऊन उन्हाळाभर देशात फिरले आणि स्वीडनच्या कष्टकऱ्यांचा इतिहास त्यांनी गाण्यांतून आणि नाट्यातून सांगितला. लाखाच्या घरात प्रेक्षकांनी तो पाहिला. तमाशाची कनात आणि गावची जत्रा ज्यांनी पाहिली आहे, त्यांना तंबूतली ती दाटी, तो धूसर उजेड आणि ती धमाल डोळ्यांपुढे आणणे अवघड नाही.

दुसरे काम शाळेचे आहे. खेड्यांतली माणसे कामासाठी शहरात गेली, पोरे कमी झाली, आणि ठिकठिकाणच्या लहान शाळा बंद पडल्या. इमारती तशाच उभ्या राहिल्या. सायलेन्स कंपनीने १९७७ साली राजधानीचा परिसर सोडला आणि पश्चिमेकडे, वेर्मलांद प्रांतात, नॉर्वेच्या सरहद्दीजवळच्या कोप्पॉम या खेड्यातल्या जुन्या शाळेत आपला स्टुडिओ थाटला. जिथे मुले पाढे म्हणत, तिथे आता सूर घुमू लागले. त्याआधी, १९७० साली, अमेरिकेचा मोठा ट्रंपेटवादक डॉन चेरी आणि त्याची स्वीडिश पत्नी मोकी यांनी दक्षिणेकडच्या तोगार्प येथे अशीच एक जुनी शाळा विकत घेऊन घर केले होते. तिथे ते मुलांना जमवून गाणी शिकवत. १९७३ साली निघालेल्या त्यांच्या एका ध्वनिमुद्रिकेत आपला तंबोराही वाजतो, आणि तो मोकी यांनीच छेडला आहे.

शेजारच्या देशांकडेही एक दृष्टी टाकू. डेन्मार्कमध्ये रोस्किल्द या गावी १९७१ साली शाळेत शिकणाऱ्या दोन मुलांच्या पुढाकाराने एक संगीतमेळा सुरू झाला. दुसऱ्याच वर्षापासून तो एका सार्वजनिक निधीच्या हाती गेला. नफा वाटून घ्यायचा नाही, लोकोपयोगी कामांना द्यायचा, अशी रीत पडली, आणि हजारो स्वयंसेवकांच्या बळावर तो आजही चालतो. नॉर्वेमध्ये हान्स रूतमू या गाणाऱ्याने एक काल्पनिक खोरे कल्पून १९७४ साली आपल्या ग्रामीण बोलीत गाण्यांची तबकडी काढली. ती एका छोट्या, स्वतंत्र कंपनीची होती. खेडी का ओस पडतात, हाच तिचा विषय. आणि सारा देश ती बोली गुणगुणू लागला.

नॉर्वेच्या अगदी उत्तरेला सामी नावाचे आदिवासी राहतात. रेनडिअर पाळणे हा त्यांच्यातल्या अनेकांचा व्यवसाय. त्यांच्या गाण्याला ‘योइक’ म्हणतात. धर्मोपदेशकांनी योइकला पाप ठरवले होते आणि शाळेतही त्याला मज्जाव होता. अशा कडक धार्मिक घरात मारी बोइने ही मुलगी वाढली, शिक्षिका झाली आणि मग गाऊ लागली. १९८९ साली तिची ‘गुला गुला’ ही ध्वनिमुद्रिका सामी भाषेतल्या एका छोट्या प्रकाशनाने काढली. गुला म्हणजे ऐका. नंतर ती जगभर ऐकली गेली. मोठ्या कंपनीची वाट पाहत बसली असती, तर तो आवाज टुंड्रातच विरला असता.

आता पुन्हा स्वीडनकडे. १९८० च्या सुमारास चळवळीचा पहिला भर ओसरला. हूला बांदूला चमू १९७६ सालीच मोडला होता, मासिक बंद पडले. नवी पोरे आली ती आणखी आडदांड. त्यांचे संगीत ‘पंक’ म्हणून ओळखले जाते : तीनच स्वरमेळ, वेगवान आणि कर्कश. त्यांना आधीची मंडळी गबाळी आणि उपदेशखोर वाटत. १९७९ साली स्टॉकहोमच्या रोगस्वेद या उपनगरातल्या अशा पोरांनी कार्यक्रमाला जागा हवी म्हणून तिथले लोकगृह ताब्यात घेतले. पण गंमत बघा. जुन्यांना नावे ठेवणाऱ्या या पोरांच्या तबकड्याही छोट्या स्वतंत्र कंपन्यांनीच काढल्या आणि संगीत-मंचांची जी वाट आधीच्यांनी पाडली होती, तिच्यावरूनच तीही चालली. वाट पाडणारा पुढे निघून जातो. वाट मात्र राहते.

त्या वाटेवरचे शेवटचे गाव म्हणून हुल्त्सफ्रेदचे नाव घेतो. दक्षिणेकडच्या स्मोलांद प्रांतातले, जंगलांच्या मधले हे लहानसे गाव. इथे कोणी वाजवायला येत नाही, म्हणून तिथल्या तरुणांनी १९८१ साली एक मंडळ काढले आणि १९८६ साली तळ्याकाठी संगीतमेळा भरवला. पुढे तो देशातल्या मोठ्या मेळ्यांपैकी एक झाला. गावात रॉक संगीताच्या कागदपत्रांचे संग्रहालयही निघाले. हे सगळे नफ्यासाठी नव्हे, मंडळासाठी. पण मेळा जसजसा मोठा झाला तसतसे कलाकारांचे मानधन वाढले, दुसरे मेळे निघाले, आणि २०१० साली मंडळाचे दिवाळे निघाले. पंचवीस वर्षे चाललेली गोष्ट एका हंगामात बसली. सार्वजनिक काम चांगल्या हेतूने चालते हे खरे, पण जमाखर्चाची वही त्या हेतूची भीडभाड ठेवत नाही. कोणत्याही सोसायटीच्या चिटणिसाने ही ओळ लिहून ठेवावी अशी आहे.

आणि आज? २००६ साली स्टॉकहोममध्येच ‘स्पॉटिफाय’ ही कंपनी निघाली आणि २००८ च्या ऑक्टोबरात तिची सेवा सुरू झाली. आता कोट्यवधी गाणी माणसाच्या खिशातल्या फोनमध्ये आहेत. तबकडी नको, गाडी नको, दुकान नको. खेड्यातल्या मुलीने आपल्या घरात गाणे ध्वनिमुद्रित करून दुपारी जगापुढे ठेवावे, इतके ते सोपे झाले आहे. मग १९७० चे प्रश्न सुटले म्हणायचे का? मला तसे वाटत नाही. यंत्र स्वस्त झाले, गाडीची गरज संपली. पण एवढ्या ढिगाऱ्यातून कोणते गाणे कोणाच्या कानापर्यंत जाईल हे ठरवणारा हात पुन्हा दुसऱ्याचाच आहे. ऐकण्याबद्दलच्या पैशातला वाटा कोणाला किती, हा वादही जुनाच आहे, फक्त कपडे नवे आहेत. म्हणूनच ती जुनी कहाणी आजही कामाची आहे.

त्या कहाणीचे सार काय? गाणे वाचवायचे तर ते आधी टिपून ठेवावे लागते. सोर्न आणि त्या २४ खंडांनी ते केले. टिपलेले गाणे पुन्हा वाजवावे लागते. यान योहान्सन आणि केब्नेकाइसे यांनी ते केले. आणि वाजवलेले गाणे लोकांपर्यंत पोचवण्याची साधने लोकांच्या हातांत असावी लागतात; सायलेन्स, वाक्सहोल्म आणि गावोगावच्या मंचांनी ते केले. या तीन पायऱ्यांपैकी एक जरी निखळली, तरी छोट्या भाषेचे गाणे मोठ्या बाजारात हरवते.

शिक्षकमित्रहो, तुमच्या शाळेच्या भिंतीपलीकडे कोणी म्हातारी जात्यावरच्या ओव्या म्हणत असेल, कोणी डफावर थाप मारीत असेल, कोणी कीर्तनात टाळ धरीत असेल. वर्गातल्या मुलांना एक दिवस तिथे घेऊन जा. कोणती ओवी कोणाकडून ऐकली, हे त्यांना आपल्या वहीत नावानिशी उतरवू द्या. त्यांतल्या एखाद्याच्या हातात फोन असेल, तर त्या म्हातारीची परवानगी घेऊन आवाजही टिपू द्या. आणि मग, हे सर्वांत महत्त्वाचे, ती ओवी मुलांना स्वतःच्या गळ्याने म्हणू द्या.